चाळीस ग्रेनची गोळी

"चाळीस ग्रेनचीच घे. कोल्हा जागेवर खलास." हा मेसेज मी टेक्सासमधल्या मुलाला पाठवायचा, तो इथल्या, आखातातल्या मराठी मंडळाच्या गणपती समितीच्या ग्रुपवर टाकला. घाईनं डिलीट केला, तर तो फक्त माझ्याच फोनवरून गेला. अध्यक्षांनी विचारलं, "साहेब, आपल्याला आरास करायचीय. खलास कुणाला करायचंय?"

मी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटवर इंजिनिअर. बंदुकीशी संबंध जत्रेतल्या फुग्यांपुरता, आणि फुगेही बहुधा वाचायचे. पण मुलगा आमच्या इथल्या जुफैरच्या फ्लॅटमधून अमेरिकेला गेला आणि शनिवारचा फोन दोन मिनिटांवर आला. "जेवलास?" "येस बाबा." "काम?" "फाइन." मग एकदा सहज म्हणाला, ओळखीतल्या एका म्हाताऱ्याच्या रँचवर कायोटी मारायला जातो. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा तिकडचा थोराड भाऊ, वासरं पळवतो. मी विचारलं, "गोळी कुठली वापरतोस?" आणि फोन अर्धा तास चालला.

मग काय, पोरगा हाती लागला म्हणून मी अभ्यासालाच बसलो. ग्रेन म्हणजे गोळीचं वजन. कुठली गोळी वाऱ्यानं ढळते, कुठली आरपार जाऊन कातडं फाडते, सगळं पाठ. त्याला पंचावन्न ग्रेनची घ्यायची होती. म्हातारा तीच वापरायचा. मी म्हटलं, "ऊर्जेत वर्ग वेगाचा होतो, वजनाचा नाही. चाळीस हलकी, म्हणून वेगवान. शाळेतलं फिजिक्स आहे रे!" तो म्हणाला, "ओके बाबा." इतका हुशार मी आयुष्यात कुणाला वाटलो नव्हतो.

वर्षभर आमचे शनिवार मजेत गेले. म्हणजे मी बोलायचो, तो "हं" म्हणायचा. मला ते ऐकणं वाटायचं.

यंदा थंडी यायच्या आधी मी त्याला तीन गोळ्यांचे फोटो पाठवले आणि फोन लावला. त्यानं फोटो उघडून पाहिले. मग म्हणाला, "बाबा, आय सोल्ड द रायफल. लास्ट विंटर."

"का रे?"

थांबत थांबत सांगितलं. माझी चाळीसवाली कायोटीच्या खांद्याच्या हाडावर लागली आणि तिथेच फुटली, आत गेलीच नाही. जनावर केकाटत झुडपात शिरलं. तो आणि म्हातारा संध्याकाळपर्यंत शोधत होते. सापडलं तेव्हा जिवंत होतं. म्हातारा एवढंच म्हणाला, की हलकी गोळी हाडावर टिकत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत असतं.

सगळ्यांना. फक्त जुफैरमध्ये बसून वेगाचा वर्ग करणाऱ्याला नव्हतं.

"मग वर्षभर मला बोलू का दिलंस?"

"यू वर सो हॅपी, बाबा."

जवळच भाजी निवडत बसलेल्या बायकोनं सगळं ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर मी तिला म्हटलं, "बघितलंस? वर्षभर खोटं बोलला माझ्याशी."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "तुमच्याशी निदान अर्धा तास खोटं तरी बोलायचा. माझ्याशी खरं बोलतो, ते अजून दोनच मिनिटं."