दुखेनाशी झालेली दाढ

"गार लागलं की हात वर करा, काकू," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चिमट्यातला बर्फासारखा कापूस त्यांनी आधी चांगल्या दाताला लावला. माझा हात आपोआप वर गेला. मग किडलेल्या दाढेला लावला. काहीच नाही.

"नस जिवंत असेल तर काढायची नाही, वर औषध ठेवून दाढ बुजवायची. मेली असेल तर मात्र काढावीच लागेल. दुखायचं कधी थांबलं?"

"परवा."

परवा मी देवापुढे साखर ठेवली होती. ठणका गेला म्हणजे दाढ बरी झाली, असंच धरून चालले. आम्हा नवराबायकोची भांडणं थांबली तेव्हाही अशीच निर्धास्त झाले होते. दोघं गप्प जेवतो, त्याला मी सुख म्हणत आले.

"पुन्हा एकदा बघा ना," मी गयावया केली. दुखू नये म्हणून जन्मभर देवाला विनवलं आणि आता डोळे घट्ट मिटून म्हणत होते, दुख गं बाई, एकदा तरी दुख. खरंच कळ आली. मी हात उंच केला.

"काकू," त्या हळूच म्हणाल्या, "मी अजून कापूस लावलाच नाही."