कांबळेबाई आणि खडपांची यादी

“अवो बाय, चोर घरात शिरलाय नि तुमी दार उघडताय?”

दामूतात्या तांडेल ओरडले, तेव्हा जयगड बंदरातल्या मालवाहू जहाजाने भोंगा वाजवून त्यांना उत्तर दिलं. आमच्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीची कौलं तेव्हापासून सैल आहेत. कांबळेबाईंनी मात्र संगणकावरून नजरही काढली नाही. “चोर नव्हे, शोधयंत्राचा रोबो आहे. आत आल्याशिवाय आपली पाटी वाचणार कशी तो?”

बाईंना जाऊन वर्ष होईल. जन्मभर पोफळीच्या वीजगृहात ऑपरेटर होत्या, निवृत्तीनंतर लेकीकडे जयगडला आल्या आणि संगणकाच्या नादी लागल्या. दुरुस्तीआधी ‘हात लावू नये’ ही पाटी लटकवायची, ही तिथली शिस्त त्यांच्या रक्तात होती. “पाटी यंत्रावर नाही, वीज शिरते तिथे लावायची,” हे त्यांचं पालुपद. घरी दुधाच्या पातेल्यालाही पाटी असे, आणि मांजर ती वाचून परत फिरे. मी स्वतः पाहिलंय. त्या मांजराला फक्त जोडाक्षरं अडत.

आता भानगड ऐका. समुद्रातल्या ज्या बुडालेल्या खडकावर, म्हणजे खडपावर, मासा बसतो, ती जागा होडीचा तांडेल सख्ख्या जावयालाही सांगत नाही. पण एक म्हातारा तांडेल आपल्या जागा पोटात घेऊनच गेला, तेव्हा पाच घरांनी धसका घेतला आणि सगळी खडपं कचेरीतल्या छोट्या सर्व्हरवर नोंदवली. पासवर्ड नव्हता. हलत्या होडीत, भिजल्या बोटांनी तो मारणार कोण? तांडेलांना सापडावी म्हणून कचेरीचा संगणक सांभाळणाऱ्या मी शहाण्याने त्या पानाची लिंक सोसायटीच्या वेबसाईटवर ठेवली. महिन्याभरात ‘जयगड खडप’ असं शोधलं की आमच्या बापजाद्यांच्या जागा जगाला दिसू लागल्या. हंगाम सुरू व्हायला आठ दिवस. परक्या ट्रॉलरवाल्याने एकदा बघितलं असतं, तर पाच घरांच्या चुली विझल्या असत्या.

मी घाबरून लिंक काढली, रोबोला ‘प्रवेश बंद’ केला, खडपं दाखवणाऱ्या ॲपमध्ये ‘शोधाच्या यादीत घेऊ नये’ अशी सूचनाही घातली. तरी जागा दिसतच होत्या.

शेवटी बाईंना बोलावलं, त्यांनी दहा मिनिटांत दुखणं पकडलं. “तुझी सूचना आतल्या ॲपवर. पुढे रिव्हर्स प्रॉक्सी बसलाय, सर्व्हरचा दारवान, तो ती बाहेर जाऊच देत नाही. वर फाटकाला कुलूप! मग रोबो पाटी न वाचता जुनंच घोकत बसणार. पाटी कुठे लावायची रे?”

“वीज शिरते तिथे,” मी पुटपुटलो.

त्यांनी प्रॉक्सीच्याच हेडरमध्ये, म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पानाच्या कपाळावर, सूचना घातली, बंदी उठवली (तात्या ओरडले ते तेव्हाच) आणि रोबोला बोलावणं धाडलं.

मग वाट बघणं. तात्या तीन दिवस हातात वल्हं घेऊन कचेरीच्या उंबऱ्यात बसले. आलाच रोबो, तर एक टोला हाणायचा. चौथ्या दिवशी बाई नोंदी बघता बघता थांबल्या. “आला.” तात्या वल्हं उगारून उठले. खाडीचं पाणी भरतीच्या मध्यावर थबकलं, शपथेवर सांगतो. “वाचून गेला,” बाई म्हणाल्या.

हंगामाच्या आदल्या सकाळी मी शोधलं. काही नाही. पुन्हा शोधलं. एकही खडप नाही. मी रडलो, पाची घरं रडली.

तात्या रडले नाहीत. ते बाईंकडे टक लावून बघत होते. आमची पाची घरांची खडपं त्या बाईने डोळ्यांनी पाहिली होती. तात्यांनी त्यांच्यापुढे हातभर सुरमई ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, “बाय, तुमी कुनाला सांगनार तर न्हाय ना?”

“मी मासे खात नाही,” बाई म्हणाल्या.