चौथा प्रश्न

हार्लन स्ट्रिब्लिंग खोटारडा निघाला, ही बातमी माझ्या दुकानात सोमवारी सकाळी सव्वासहाला आली, आणि ती आणणाऱ्या माणसाला मी हाताला धरून बाहेर काढलं.

हार्लनला ओळखत नसाल तर तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. चौतीस वर्षं त्याने आमच्या गावच्या शाळेची पिवळी बस चालवली. टॉलिव्हर तळ्याच्या काठाला आज चाळिशी-पन्नाशीचं जे कुणी राहतं, त्याने लहानपणी हार्लनच्या बसमध्ये एकदा तरी ओरडा खाल्लेला आहे. चर्चमध्ये दानाची थाळी तोच फिरवतो. आम्ही दोघं एका वर्गात होतो, तेव्हा तो मास्तरांना विचारायचा, "माझं हे गणित चुकलंय, तुम्ही बरोबर दिलंय, खोडू का?" सगळा वर्ग कपाळावर हात मारायचा.

मोठा झाल्यावरही खोड गेली नाही. एका वर्षी तो मासेमारीच्या स्पर्धेत दुसरा आला, ढाल घेऊन घरी गेला आणि संध्याकाळी ती परत घेऊन आला. का, तर घरी गेल्यावर त्याला दिसलं की आपलं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, म्हणजे आपली होडी वेळ संपल्यावर धक्क्याला लागली. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"अरे बाबा, कुणाला कळलं होतं?" मी विचारलं.

"मला कळलंय ना," म्हणाला, आणि ढाल माझ्या गल्ल्यावर ठेवून गेला. त्याची बायको ओलीटा गाडीत बसली होती. ती नुसती आकाशाकडे बघत होती.

ही स्पर्धा आमच्याकडे एप्रिलात असते. डॉगवूडची झाडं फुलून पांढरी झाली, पाणी कोमट व्हायला लागलं, की मोठ्या तोंडाचे बास मासे खोल पाणी सोडून काठाशी येतात. शेपटीने तळ झाडतात, बशीएवढे-परातीएवढे खळगे करतात आणि तिथे अंडी घालतात. वर्षभर हुलकावणी देणारी आठ-दहा पौंडांची मादी तेव्हा गुडघाभर पाण्यात उभी असते. अख्ख्या अलाबामातून होड्या येतात. मासे जिवंत आणायचे, पाचांचं मिळून वजन करायचं आणि पुन्हा तळ्यात सोडायचे. वजनकाटा माझ्या धक्क्यावर लागतो. गांडुळं, गळ, बिस्किटं, कॉफी, सगळं माझ्याकडचं जातं. त्या एका आठवड्यावर माझं दुकान उभं आहे.

स्पर्धा भरवणाऱ्या क्लबचे नियम मात्र कडक. स्पर्धेआधी दहा दिवस स्पर्धकाने तळ्यात उतरायचं नाही, आणि मासे कुठे आहेत ते कुणाकडून ऐकायचंही नाही. चुकून कानावर पडलंच तर क्लबला कळवायचं, मग ती जागा त्याच्यापुरती बंद. आणि पहिल्या आलेल्याला होडी बक्षीस मिळते, ती देण्याआधी त्याला खोटं पकडायच्या यंत्रासमोर बसवतात. बोटांना तारा, दंडाला पट्टा, सहा प्रश्न. दरवर्षी जिंकणारा तोच विनोद करतो, "बायकोला आत येऊ देऊ नका हं."

हार्लन चाळीस वर्षं स्पर्धेत उतरला आणि एकदाही पहिला आला नाही. यंदा शनिवारी तो आला. पाच मासे, एकोणतीस पौंड. काट्यावरचा आकडा बघून माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. चाळीस वर्षं नुसती गांडुळं विकली होती मी त्याला.

आणि सोमवारी रॉयस टिडमोर दारात उभा. रॉयस म्हणजे क्लबचा अध्यक्ष. पहिली ते आठवी हार्लनच्याच बसमध्ये बसलेला.

"मिस नडीन, मिस्टर हार्लन नापास झाले."

"कशात?"

"यंत्रात. काल दुपारी. तीनदा विचारलं. तीनदा सुई उडाली."

मी माशांच्या टाकीत हात घालून गळाला लावायची मासोळी मोजत होते. "रॉयस, ते यंत्र घेऊन आलेल्या माणसाला सांग, आधी स्वतःच्या दंडाला पट्टा बांध. हार्लन आणि खोटं? तुझी अक्कल काय चरायला गेली होती का?"

"मलाही रात्रभर झोप नाही. ओलीटाबाईंसमोर मान वर करवत नाही. पण तो चौथा प्रश्न..."

"काय चौथा प्रश्न?"

"'दहा दिवसांत मासे कुठे आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं का?' ते म्हणाले, 'नाही.' आणि सुई उडाली."

मी हसले. "हार्लनला कोण सांगणार? तो चर्चमध्येसुद्धा कुणी माशांचं बोललं तर उठून जागा बदलतो. मासे धरले कुठे त्याने?"

"जुन्या सॉमिलच्या खाडीत. ते बुडालेलं धुराडं आहे ना, त्याच्या मागच्या अंगाला."

टाकीतला माझा हात तिथेच राहिला. पाणी बर्फासारखं गार होतं, तरी हात बाहेर काढायचं सुचेना. रॉयस पुढे काहीतरी बोलत होता, मला फक्त त्याचे ओठ हलताना दिसत होते. मग मी त्याला बाहेर काढलं. रागाने नाही काढलं. माझा चेहरा त्याला दिसायला नको होता.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी, बुधवारी सकाळी, हार्लन कॉफी प्यायला आला होता. मी बोलत होते. मी बोलतच असते, माझ्या तोंडाला काही कडी-कोयंडा नाही. बर्मिंगहॅमहून एक दातांचा डॉक्टर आला होता, त्याला होडी धड बांधता येत नाही, त्याची टवाळी चालली होती माझी. "आणि बघ, नशीब कसलं, धुराड्यामागे गेला आणि दोन हातांत मावेना अशी मादी! म्हणतो, अजून चार तिथेच उभ्या होत्या!" हार्लनने हात वर केला होता. "नडीन, बस कर," म्हणाला होता. मला वाटलं, डॉक्टरची बाजू घेतोय. मी आणखी रंगवून सांगितलं. तो कॉफी अर्धी टाकून निघून गेला, आणि दहा मिनिटांत मी ते सगळं विसरूनही गेले.

खोटं त्याच्या तोंडी आलं, पण घातलं मीच. आणि तो गप्प का राहिला, तेही मला क्षणात कळलं, म्हणजे तसं मला वाटलं. जो दुकानदार स्पर्धकाला जागा सांगतो, त्याच्या धक्क्यावरून क्लब वजनकाटा उचलतो. मागे एकाचा उचलला होता, त्याच्या दुकानाला आज कुलूप आहे. म्हणजे माझं नाव घ्यायला लागू नये म्हणून त्या माणसाने जन्माचा खरेपणा पाण्यात सोडला. मला रडूही आलं आणि, लाज वाटते सांगायला, थोडं बरंही वाटलं.

दोन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. पण ऐका, गाव त्याच्या बाजूने होतं. "यंत्र बिघडलं असणार." "म्हाताऱ्याचं ब्लडप्रेशर वाढलं असणार, सुई काय कशानेही उडते." दहांतले नऊ असंच म्हणत. बुधवारी संध्याकाळी क्लबने बैठक लावली. सोमवारपासून बोलणं चाललं होतं तसं दुसऱ्या शहरातून दुसरा माणूस आणायचा, शनिवारी परत चाचणी घ्यायची, असं जवळजवळ ठरलंच होतं. हार्लन भिंतीशी टोपी मांडीवर घेऊन बसला होता. ओलीटा शेजारी. तिने आणलेला पीचचा केक कुणी कापलाही नव्हता.

मी उभी राहिले. आधी त्याला विचारावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझं आयुष्यभर असंच.

"दुसरं यंत्र नको," मी म्हणाले. "दोष माझा आहे. गेल्या बुधवारी मी त्याला धुराड्यामागचं सांगितलं. तो बस कर म्हणत होता, मी ऐकलं नाही. माझं नाव येऊ नये म्हणून तो गप्प राहिला. काटा उचलायचा तर उचला माझा. पण या माणसाला शब्दाने बोलू नका."

मला वाटलं होतं, कुणीतरी टाळी वाजवेल. लोक माझ्याकडे बघतच नव्हते, हार्लनकडे बघत होते. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन मिनिटांपूर्वी या खोलीतल्या दहांतल्या नऊ जणांसाठी यंत्र खोटं होतं. आता ते खरं होतं.

रॉयस हार्लनकडे वळला. "मिस्टर हार्लन... मिस नडीनने सांगितलं होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"तीनदा म्हणालो," हार्लन म्हणाला. टोपी घातली आणि बाहेर गेला.

मी धावतच मागे गेले. तो ओलीटासाठी गाडीचं दार उघडून उभा होता.

"हार्लन, अरे, माझ्यासाठी एवढं कशाला केलंस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. पन्नास-साठ वर्षांत त्याने माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

"तुझ्यासाठी नाही केलं, नडीन. तुझं नाव माझ्या मनातही नव्हतं. मला जिंकायचं होतं. चाळीस वर्षं बघत होतो दुसऱ्यांना. वाटलं, एकदा. फक्त एकदा."

 

ओलीटा गाडीत बसली, मग काच खाली करून म्हणाली, "शनिवारी तो नव्या माणसासमोर स्वतःच सगळं सांगणार होता. सोमवारपासून सराव करतोय न्हाणीघरात. मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून."

"राहू दे, ओलीटा," हार्लन म्हणाला.

"का राहू दे? कळू दे तिला."

"माझं खोटं मी माझ्या तोंडाने परत घेणार होतो," हार्लन मला म्हणाला. रागावला नव्हता. शाळेच्या पोरांना समजावताना बोलायचा, तसंच बोलला. "तेवढंच उरलं होतं माझ्या हातात. तेही तू बोलून टाकलंस."