मालगाडीचा ड्रायव्हर बोलू लागतो

मार्तंड करंबेळकर झाशीला मालगाडी चालवायचे. रेल्वेच्या कागदांत त्या पदाला लोको पायलट म्हणतात, पण मोहल्ल्यात आणि स्वतःच्या मनात ते ड्रायव्हरच होते. घराणं कोकणातलं, पण ते कोणत्या गावाहून इकडे आलं हे नक्की सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि भाजीवाल्याशी बुंदेली, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जायचा. आजोबांनी देवळात पूजा केली, वडिलांनी पोस्टात नोकरी केली. इंजिनावर चढलेला घराण्यातला पहिला माणूस मार्तंड, आणि पन्नाशीला आले तरी त्याचा त्यांना लहान मुलासारखा आनंद होता.

तो आनंद एका फाल्गुनात संपला.

कानपूरच्या बाजूनं येणारी गाडी होती. मोठ नावाचं स्टेशन जवळ आलं होतं, दोन्ही बाजूंना मटाराची शेतं, दुपारची वेळ, पश्चिमेचा जोराचा वारा. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक बाई रूळ ओलांडायला चढली. मार्तंडरावांनी हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग दाबूनच धरला. वाऱ्यानं तो उलट्या दिशेला नेला असावा. त्यांनी ब्रेक लावला. पण भरलेली मालगाडी ब्रेक लावला म्हणून जागच्या जागी थांबत नाही, ती आपल्याच वजनानं पुढे सरकत राहते. अगदी शेवटी त्या बाईनं मान वळवली आणि सरळ इंजिनाच्या काचेकडे पाहिलं.

चौकशी झाली. मार्तंडरावांनी आणि त्यांचा सहायक विश्वंभर तिवारी यानं जबाब दिले. वेग बरोबर होता, हॉर्न वेळेवर होता, ब्रेक वेळेवर होता. कुणीही त्यांच्यावर ठपका ठेवला नाही. उलट भेटेल तो खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "करंबेळकरजी, आपकी क्या गलती?" ते मान डोलवायचे. गलती नव्हती हे त्यांनाही पटलेलं होतं. पटून काही होत नव्हतं, एवढंच.

थोडी सुट्टी घेऊन ते पुन्हा गाडीवर गेले. रुळांवर उडत आलेली प्लास्टिकची पिशवी दिसली आणि त्यांनी ब्रेक लावला. मग एका बाभळीच्या सावलीसाठी लावला. कंट्रोल रूमनं विचारणा केली तेव्हा त्यांनी काहीतरी कारण सांगितलं, आणि झाशीला उतरल्यावर कमरेचं दुखणं सांगून आजारी रजा टाकली.

घरी मात्र त्यांनी हे सांगितलं नाही. नेहमीसारखी डबा-पिशवी घेऊन ते निघायचे आणि नारायण बागेतल्या एका बाकावर जाऊन बसायचे. अंधार पडल्यावर परत यायचे आणि "गाडी लेट होती" म्हणायचे.

बायको, प्रेमला, वीज कार्यालयात कारकून होती. ग्वाल्हेरच्या मराठी घरातली, बोलायला फटकळ, नजरेनं तीक्ष्ण. नवऱ्याचं जेवण कमी झालंय हे तिला दिसत होतं. बाहेर एखाद्या ट्रकनं भोंगा वाजवला की त्यांचा उजवा हात आपोआप पुढे जाऊन हवेत काहीतरी पकडतो, हेही दिसत होतं. एकदा त्या नादात चहाचा कप उडाला. ती फरशी पुसत राहिली.

मग एका संध्याकाळी विश्वंभरचा फोन आला. "भाभीजी, दादा की कमर अब कैसी है? बहुत दिन हो गए, ड्यूटी पे दिखे नहीं."

प्रेमलानं "ठीक आहे" एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. मार्तंडराव आले, चपला काढल्या, "गाडी लेट होती" म्हणाले.

"कुठली गाडी?" तिनं विचारलं.

ते उभेच राहिले. मग भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसले. इतक्या वर्षांच्या संसारात प्रेमलानं त्यांना असं जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मला चालवता येत नाही गं आता," ते म्हणाले. "आणि हे कुणाला कळलं तर मला गाडीवरून उतरवतील. मग मी कोण?"

प्रेमला त्यांच्याशेजारी बसली. "ते नंतर बघू. आधी डॉक्टर बघू."

पण कुठला डॉक्टर? नात्यातल्या एकानं सुचवलं की बाजारात एक 'मनःशांती केंद्र' आहे, बढिया माणूस आहे, भल्याभल्यांना बरं केलंय. पाटी मोठी होती. आत अगरबत्तीचा वास, भिंतीवर झेंडूच्या माळा घातलेली गुरुजींचीच तसबीर. गुरुजींनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, "वही दृश्य सामने लाइए. अब उस औरत को हुक्म दीजिए, जा!"

मार्तंडरावांनी डोळे मिटले. ती बाई समोर आली. तिनं मान वळवली. ते धडपडत उठले, दार उघडून रस्त्यावर गेले आणि गटाराशी ओणवे होऊन ओकले. आतून गुरुजी प्रेमलाला सांगत होते, असर हो रहा है.

"आपली पढाई काय झालीये?" प्रेमलानं अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत विचारलं. गुरुजी हसले. अनुभव हीच त्यांची पढाई होती.

त्यानंतर मार्तंडरावांनी सगळ्याला नाही म्हटलं. दोन दिवस ते प्रेमलाशीही नीट बोलले नाहीत. प्रेमलाला स्वतःचाच राग आला होता. मीटर बसवायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र पाहिल्याशिवाय ती त्याला घरात घेत नसे, आणि नवऱ्याचं मन मात्र तिनं कुणाच्याही हातात दिलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत कार्यालयाच्या गच्चीवर जाऊन तिनं सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे ऐकत होती. मध्ये प्रेमलाचा आवाज फुटला तेव्हाही ती घाई न करता थांबली. मग तिनं समजावून सांगितलं. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे औषध देऊ शकणारे डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, ते बोलण्यातून, सरावातून उपचार करतात, आणि त्यांचीही सरकारी परिषदेकडे नोंदणी असावी लागते. "पूछने में झिझकिए मत," ती म्हणाली. "नंबर माँगना आपका हक है."

प्रेमलानं सायकॉलॉजिस्टना फोन करून नोंदणीचा नंबर विचारायला सुरुवात केली. कुणी फोन ठेवून दिला. कुणी म्हणालं, इतका अविश्वास असेल तर येऊ नका. एका बाईंनी मात्र खळखळून हसून सांगितलं, "आप पहली हैं जिन्होंने पूछा. लिखिए." आणि नंबर सांगून वर म्हणाल्या, "जाँच लीजिए, फिर आइए." प्रेमलानं खरंच तो परिषदेच्या यादीत पडताळून पाहिला. नाव जुळलं, अर्चना सेंगर.

मार्तंडराव येईनात. "पुन्हा डोळे मिटायला लावतील."

"मी आधी विचारलंय त्यांना," प्रेमला म्हणाली. "त्या म्हणाल्या, तुमची मर्जी नसेल तर काहीच करायचं नाही. नुसतं बसून यायचं. चला ना, अहो. नाही आवडलं तर परत मी कधी म्हणणार नाही."

इलाइट चौराह्याजवळ, औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर ती खोली होती. एक टेबल, खुर्च्या, खिडकीत तुळस. अर्चना सेंगर मूळच्या उरईच्या, वयानं मार्तंडरावांच्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी आधी हेच सांगितलं की इथलं बोलणं या खोलीतच राहतं. फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढ्यापुरताच अपवाद. आणि पहिल्या दिवशी त्यांनी अपघाताबद्दल विचारलंच नाही. झोप, जेवण, इंजिन कसं असतं, पहिली गाडी कोणती चालवली, असंच विचारत राहिल्या. मार्तंडरावांनी त्यांना रात्रीच्या धुक्यात सिग्नल कसा शोधतात ते समजावलं. खाली उतरल्यावर ते प्रेमलाला म्हणाले, "बाई बऱ्या आहेत."

पुढच्या काही भेटींनंतर त्यांनी आपणहून तो विषय काढला. गाडी कोणती, वेग किती, हॉर्न कधी दिला, ब्रेक कुठे लावला. सगळं क्रमानं, न अडखळता, साफ हिंदीत. अर्चनाबाईंनी ऐकलं आणि विचारलं, "ये आपने कितनी बार सुनाया है?"

"जाँच में. साहब लोगों को. पुलिस को." ते हिंदीतच म्हणाले.

"वो बयान था. घर में आप कौन सी भाषा बोलते हैं?"

"मराठी."

"तो मराठी में कहिए. मुझे पूरा समझ में नहीं आएगा, जितना आएगा उतना सही. मैं बाद में पूछ लूँगी."

मार्तंडरावांना ते विचित्र वाटलं. समोरच्या परक्या बाईशी मराठीत बोलायचं? त्यांनी घसा खाकरला. "ती बाई..." एवढं म्हणाले आणि पुढचा शब्दच सापडेना. जबाबात 'महिला' होती, 'व्यक्ती' होती. बाई नव्हती.

"ती बाई वर चढली," त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "डोक्यावर भारा होता. मी ओरडलो. आतमध्ये बसून ओरडलो, तिला कसं ऐकू येणार? मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती विचारतेय मला काहीतरी. आणि मी काहीच... माझ्या हातात काहीच नव्हतं हो. काहीच नव्हतं."

ते रडले. आई गेली तेव्हा जसे रडले नव्हते तसे रडले. अर्चनाबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

त्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. उलट पुढचा आठवडा जड गेला. झोपेसाठी अर्चनाबाईंनी त्यांना एका मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी औषध दिलं आणि बजावलं की हे चालू असताना गाडीवर जायचं नाही. आता कमरेचं खोटं कारण चालणार नव्हतं. मार्तंडराव ज्याला सगळ्यात घाबरत होते ते त्यांनी केलं. रेल्वेच्या डॉक्टरांसमोर बसून खरं काय ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "अच्छा किया बता दिया. पहले ठीक होइए, गाड़ी कहीं नहीं जा रही." काही महिने त्यांना ऑफिसातलं काम मिळालं. गाडीवर परत जाता येईल की नाही याची खात्री कुणी दिली नाही. पण खोटं बोलायचं ओझं उतरलं आणि त्यांची भूक परत आली.

पुढचे सराव अर्चनाबाईंनी पायरीपायरीनं ठरवले. आधी प्रेमलाबरोबर सीपरीच्या पुलावर उभं राहून खालून जाणाऱ्या गाड्या बघायच्या. हात आपोआप पुढे जाऊ लागला की कठडा धरायचा, पायांखालची जमीन जाणवू द्यायची, श्वास लांब सोडायचा. प्रेमला शेजारी शेंगदाणे खात उभी असायची आणि अधूनमधून त्यांच्या हातावर चार दाणे ठेवायची. मग प्रवासी म्हणून दतियापर्यंत जाऊन आले. मग मोठपर्यंत. मटाराच्या शेतांपाशी त्यांनी खिडकीचे गज घट्ट धरले, पण डोळे उघडे ठेवले.

त्या बाईचं नाव त्यांनी रूळ तपासणाऱ्या एका गँगमनकडून विचारून घेतलं होतं. रामकली. तिच्या घरी जावं असं त्यांना फार वाटायचं. अर्चनाबाईंशी त्यावर बरंच बोलणं झालं, आणि शेवटी मार्तंडरावांनीच ठरवलं की नाही जायचं. आपलं दुःख हलकं करायला त्या घराच्या दारात उभं राहायचा आपल्याला काय हक्क? घरी देवापुढे दिवा लावताना ते मनात तिचं नाव घेत, एवढंच.

या सगळ्यात विश्वंभर मधूनमधून भेटायचा. नेहमीसारखा हसरा, चेष्टा करणारा. एकदा मार्तंडरावांनी त्याला चहाच्या टपरीवर बसवलं आणि आपण कुठे जातो ते सरळ सांगितलं. विश्वंभर चेष्टा करेल या तयारीनंच सांगितलं. त्यानं ग्लास खाली ठेवला. ग्लासातला चहा निवत गेला.

"दादा," तो म्हणाला, "उस दिन मैंने आँखें मूँद ली थीं. आप अकेले देखते रह गए."

मार्तंडरावांच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. एकाच केबिनमध्ये, हातभर अंतरावर बसलेला हा पोरगा इतके दिवस हेच घेऊन फिरत होता. घरी तो बायकोवर खेकसायचा, आणि ड्रायव्हरनं पाहिलं ते आपण पाहिलं नाही याची लाज त्याला पोखरत होती.

"बरं झालं मिटलेस," मार्तंडराव म्हणाले. मराठीतच म्हणाले, मग हिंदीत पुन्हा सांगितलं. "और सुन, मंगल को मेरे साथ चल."

विश्वंभर मंगळवारी आला नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी आला. जिन्यात एकदा परत फिरला होता. मार्तंडरावांनी त्याची बाही धरली नाही, खालच्या पायरीवर बसून राहिले, आणि तो आपणहून पुन्हा वर गेला.

औषध बंद होऊन बरेच दिवस झाल्यावर, तपासण्या होऊन, मार्तंडरावांना आधी यार्डात डबे हलवण्या-जोडण्याचं, शंटिंगचं काम मिळालं आणि मग मालगाडी. पहिल्या दिवशी इंजिनात चढताना त्यांनी पुलावरच्यासारखा श्वास लांब सोडला. गाडी बीनाच्या बाजूची होती. बबीना गेलं, रुळाशेजारी म्हशी चरत होत्या, एक पोर हात हलवत होतं. त्यांनी हॉर्न दिला. हात ब्रेकवर गेला नाही. भीती गेली नव्हती. ती आता केबिनमध्ये बाजूला बसून होती आणि गाडी ते चालवत होते.

ड्युटी संपवून ते ड्रायव्हर लोक हजेरी लावतात त्या क्रू लॉबीत आले तेव्हा तिथं गर्दी होती. कोपऱ्यातून यशवंत नावाचा एक तगडा, मोठ्या आवाजाचा ड्रायव्हर हाक मारत आला. आदल्या महिन्यात त्याच्या गाडीसमोरही कुणीतरी आलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. एरवी अशी गोष्ट माणूस बाजूला नेऊन, कानात विचारतो. यशवंतनं भर लॉबीत विचारलं, "करंबेळकरजी, वो आपकी मैडम का नंबर देना. नींद नहीं आती यार."

कुणी हसलं नाही.

"लिख ले," मार्तंडराव म्हणाले. "और पहले उनका रजिस्ट्रेशन पूछ लेना. बुरा नहीं मानतीं, खुश होती हैं."

यशवंतनं मोबाइल काढला. मागे उभ्या असलेल्या आणखी एकानंही काढला.