मोरीवरचा दगड

प्लेग यायच्या बरीच वर्षं आधीची गोष्ट. कल्याणात आमच्या आळीच्या टोकाला त्र्यंबकराव एकटेच राहायचे. मामलेदार कचेरीतून पेन्शन घेऊन ते घरी बसले आणि पुढच्याच वर्षी त्यांची बायको द्वारकाबाई गेली. मूलबाळ नव्हतं. चार माणसांत जाऊन बसायचा स्वभाव नव्हता. स्वतः शिजवलेला भात रोज करपायचा आणि तो ते मुकाट्यानं खायचे. पण घर सोडा म्हटलं, की अंगावर यायचे. "ती इथं होती," एवढंच म्हणायचे.

अशात त्यांची मोरी तुंबली. पणजोबांनी बांधलेल्या त्या घराचं सांडपाणी अंगणाखालच्या दगडी गटारातून खाडीकडे जायचं. गटार साफ करायला अंगणात एक उचलायचा दगड असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण दरवर्षी माती घालून, चोपून, सारवून अंगण इतकं वर आलं होतं, की तो हयात माणसांपैकी कुणी पाहिलेलाच नव्हता. घाण पाणी मागच्या दारी साचलं आणि त्यांच्या नि शेजारच्या अण्णांच्या सामाईक विहिरीकडे सरकू लागलं. अण्णा मुळातच तोंडाळ. त्यांनी आळी डोक्यावर घेतली, आणि खोटं कशाला सांगू, आम्हीही त्यांचीच री ओढली.

शेवटी ठाण्याहून पुतण्या प्रभाकर आगगाडीनं आला. "काका, आज दगड सापडला तर ठीक. नाहीतर घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याबरोबर नौपाड्याला."

विश्राम गवंड्यानं सकाळपासून अंगणात केळी लावायच्या असाव्यात तसे खड्डे खणले. मोरीच्या भिंतीपाशी गटार लागलं, पण पुढं ते कुठं वळलं होतं कळेना. "आता कुठं खणू, रावसाहेब?" त्यानं घाम पुसत विचारलं.

रावसाहेब ओसरीवर नेहमीच्या जागी बसले होते. चेहरा पार उतरलेला. याच जागेवरून त्यांनी जन्मभर बायकोला चिडवलं होतं. द्वारकाबाई सोवळ्यात विहिरीवरून पाणी आणायच्या, तेव्हा अंगण मोकळं असूनही सरळ यायच्या नाहीत. मध्येच वळसा घालायच्या.

"कुठल्या देवाला प्रदक्षिणा चाललीय?" हे विचारायचे.

"सासूबाई अशाच यायच्या."

"आणि त्या का यायच्या?"

"त्यांच्या सासूबाई यायच्या म्हणून."

मग हे पोट धरून हसायचे.

त्र्यंबकराव एकदम ताठ बसले. "प्रभाकर, सोवळ्याचं पाणी मोरीच्या दगडावरून नेतात का रे?"

"छे! भलतंच काय?"

"मग घागर घे."

प्रभाकर इंग्रजी शिकलेला, डोक्याला पगडी. कमरेवर घागर घेऊन विहिरीपासून चालताना बिचारा ओशाळा झाला. अण्णा कुंपणावरून बघत होते, आम्हीही होतो.

"सावकाश," त्र्यंबकराव ओसरीवरून सांगत होते. "ती इतकी भरभर यायची नाही. अजून पुढं. हां, थांब! इथं ती या खांबाआड जायची. आता वळ. नुसत्या बांगड्या ऐकू यायच्या... आता दिसलास. ये सरळ."

वळशाच्या आतल्या बाजूला विश्रामनं पहार घातली आणि ती दगडावर वाजली. माती काढली तर वर गंजलेली लोखंडी कडी. दगड उचलून आत बांबू घातला, तसं पाणी गडगडत खाडीकडे निघालं.

"रावसाहेब, तुम्हाला कसं ठाऊक?"

"मला कुठं ठाऊक? आमच्या मंडळींना ठाऊक होतं."

दगड आता उघडाच ठेवायचा ठरला. प्रभाकर संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परतला. अण्णांनी जेवायच्या वेळेला आमटी पाठवली. त्र्यंबकरावांना हवं होतं ते मिळालं होतं. घर त्यांचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घागर घेऊन स्वतः विहिरीवर गेले. येताना दगडापाशी वळले, सावकाश, पाणी हिंदकळू न देता. खांबाआडून बाहेर आले आणि ओसरीकडे बघत उभे राहिले. चिडवायला तिथं कुणी नव्हतं.