नानांचा बधिर हात कोणी उचलला?

बाहेरचं, भूतबाधा, अमावस्या... असल्या गोष्टींची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी. वीज डोळ्यांना दिसत नाही, पण मीटरचा काटा तरी हलतो. ज्याला काटा नाही ते माझ्या लेखी नाहीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला वेड्यात काढणार आहात.

माझे वडील — नाना — निफाडकडचे. अख्खा जन्म द्राक्षबागेत हात वर करून घड विरळण्यात गेला आणि शेवटी उजवा खांदा आखडला. आई होती तोवर रोज तव्यावर मीठ तापवून पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग नानांना शेक द्यायची. मागच्या वर्षी आई गेली. मी नानांना नाशिकरोडला माझ्याकडे आणलं. तोवर खांदा असा झाला होता की शर्टात हात घालता येईना.

डॉक्टरबाईंनी नर्व्ह ब्लॉक सुचवला. मानेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करायचा आणि खांदा हलवून मोकळा करायचा. नाना घाबरले. "हात कायमचा लुळा पडला तर वं, बाई?"

"बाबा, सोनोग्राफीवर नस बघत सुई देते. धोका अजिबात नाही असं म्हणणार नाही, पण फार कमी आहे. संध्याकाळपर्यंत हात झोळीत ठेवा. आणि गरम काही लावू नका, भाजलं तरी कळणार नाही."

सगळं नीट पार पडलं. दुपारी घरी आलो. गावाहून आत्या आली होती, तिला मी गरम काही लावायचं नाही असं बजावलं आणि औषधं आणायला खाली गेलो. पण आत्याच्या लेखी गरम म्हणजे गरम पाण्याची पिशवी. मिठाचा शेक तो शेकच, त्यानं कधी कोणाचं वाईट झालंय का?

परत आलो तर नाना पलंगावर डोळे मिटून पडलेले, झोळी सोडलेली, हाताखाली पुरचुंडी. आत्या ओट्याशी पाठमोरी, दुसरी तापवत होती. मी ओरडणार इतक्यात...

तो हात उठला. कोणीतरी मनगटाशी धरून उचलावा तसा. बोटं खाली लोंबत होती, अगदी निर्जीव. हात सावकाश नानांच्या छातीवर आला आणि तिथे राहिला. मी पुरचुंडी उचलली तर चादरीवर जळाल्याचा तपकिरी डाग पडला होता.

मी नानांची बोटं चिमटली. त्यांना पत्ता नाही. हलवा म्हटलं, हलेनात. कातडीवर मात्र लाल खूणसुद्धा नव्हती.

"तुझी आई व्हती," नाना म्हणाले. "तिनं धरला. वला व्हता तिचा हात... भांडी घासता घासता उठून आल्यावानी."

आत्यानं गॅस बंद केला. "वहिनी माझ्यावर रागावली असंल का रे?"

संध्याकाळी मुंग्या येऊन हात जागा झाला. नाना तोवर त्याच्याकडेच बघत होते. "गेली," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांना फोन केला. ब्लॉक थोडा उतरला असेल, कधीकधी स्नायू उडतो, असं त्या म्हणाल्या. असेल. पण उडालेला स्नायू हात असा जपून उचलून ठेवतो का?

महिन्याभराने पुन्हा दाखवायला गेलो. व्यायामाने खांदा छान सुटला होता. त्याच सकाळी नानांनी स्वतःचे कपडे दोरीवर वाळत घातले होते.

"हात वर करा बघू," डॉक्टर म्हणाल्या.

"नाय व्हत, बाई. लय दुखतंय. परत ते सुईचं करा ना."

मला कळलं. आणि मी धडधडीत खोटं बोललो, "हो डॉक्टर, फार त्रास आहे त्यांना. ब्लॉक पुन्हा देता येईल ना?"

त्यांनी नानांचा हात धरला आणि हळूहळू वर नेला. पार कानाला लागला.

"बघा, पूर्ण मोकळा! आता सुईची गरजच नाही."

नाना ओक्साबोक्शी रडू लागले. डॉक्टरांनी घाबरून हात सोडला. त्यांना वाटलं, दुखलं.