भिकाजीची पाच घड्याळं

भिकाजी नागवेकर रत्नागिरी ते हातखंबा सर्व्हिस मोटर चालवायला लागला, तेव्हा त्या मोटारीत बघण्यासारखं काही नव्हतं. स्टिअरिंगच्या पुढे एक लाकडी फळी, फळीवर एक बटण आणि बटणाच्या वर मालकाने चिकटवलेला गणपती, एवढाच थाट. वेग किती, तेल किती, पाणी उकळलं का, हे सगळं भिकाजी कानाने ओळखायचा. कुवारबावच्या चढावर तो मान जराशी तिरकी करायचा, इंजिनाचा आवाज पुरता उतरू द्यायचा आणि नेमक्या क्षणी गिअर टाकायचा. गिअर असा बसायचा की डुलकी लागलेल्या माणसाची मानही हलत नसे. एकदा धावत्या मोटारीत तो म्हणाला, "मागच्या डाव्या चाकाचा नट सैल झालाय." उतरून बघितलं तर खरंच सैल होता.

मी खेडशीचा, कचेरीत कारकून. रोज सकाळी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून शहरात जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. ती सीट माझी होती. तिथे दुसरं कोणी बसलेलं मला खपत नसे आणि ते मी तोंडावर सांगत असे. त्यामुळे पुढे जे झालं ते मी अगदी जवळून पाहिलं आहे. ज्यांनी मागच्या बाकावरून पाहिलं त्यांच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये.

एकोणीसशे बत्तीसच्या भाद्रपदात भिकाजीला हिवताप झाला. डॉक्टरांनी कोयनेल दिलं, आणि ताप लवकर जावा म्हणून भिकाजीने ते दुप्पट घेतलं. ताप गेला आणि जाताना कान घेऊन गेला. आधी कानात रातकिडे ओरडायला लागले, मग रातकिडेही गप्प झाले. परत कामावर आला त्या पहिल्या दिवशी कुवारबावच्या चढावर त्याने गिअर टाकला तेव्हा दगडी जात्यात खिळे भरडावेत तसा आवाज झाला. सगळी मोटर दचकली. एकटा भिकाजी शांत बसला होता.

बहिऱ्याच्या हातात मोटर कोण देणार? त्याला दुसरं कुठलं काम येत नव्हतं आणि, खरं सांगायचं तर, दुसरं कुठलं काम त्याला नको होतं. म्हणून त्याने ही गोष्ट एकाच माणसाला सांगितली, अस्लम मिस्त्रीला. अस्लम पूर्वी आगबोटीवर इंजिनखात्यात होता. तिथे इंजिनाच्या धडधडीत कोणालाच काही ऐकू येत नाही, सगळी कामं काट्यांकडे बघून होतात.

अस्लमने खिशातला पेन्सिलीचा तुकडा काढला आणि सिगारेटच्या पाकिटावर लिहिलं, "कान गेले तर डोळ्यांनी चालव."

अस्लमचा मावसभाऊ फारुक मुंबईत मोडक्या मोटारींचं सामान विकायचा. कुठल्याशा संस्थानिकाची मोटर झाडावर आपटून मोडीत निघाली होती. तिची काट्यांची पाटी मात्र शाबूत होती. निकेलची चकचकीत पाटी, तिच्यात ओळीने पाच काचेची घड्याळं. ती बोटीने रत्नागिरीला आली. आता मालकाला पटवायचं राहिलं होतं. मालक आत्मारामशेट. मनाने वाईट नव्हता, पण संशयी होता आणि हौशी होता, आणि त्याच्यात हे दोन्ही गुण एकाच वेळी काम करायचे. भिकाजीने त्याला सांगितलं, "शेट, अशी पाटी जिल्ह्यात कुणाच्या मोटारीला नाय." शेटने पुढचं काही विचारलं नाही.

अस्लमने तीन दिवस खपून जुनी फळी काढली. नव्या पाटीच्या मापाने पुढचा पत्रा कापला, तेलासाठी तांब्याची नळी ओढली, वेगाच्या काट्यासाठी खालून वायरदोर घेतला. पहिलं घड्याळ वेगाचं, दुसरं तेलाचं, मधलं विजेचं, चौथं पाण्याच्या तापाचं आणि पाचवं पेट्रोलचं. पाचव्याचा काटा काही केल्या हलेना. तो कायम 'टाकी भरलेली' असंच दाखवत राहिला. शेटला तेच घड्याळ सगळ्यात जास्त आवडलं. वर अस्लमने भिकाजीच्या डोक्यापाशी एक मोठा आरसाही बसवला, मागचं दिसावं म्हणून.

आणि भिकाजी खरोखर डोळ्यांनी मोटर चालवायला शिकला. वेगाचा काटा अमुक आकड्याखाली आला की गिअर. महिनाभरात गिअर पुन्हा पूर्वीसारखा बसायला लागला. पूर्वी तो गाडी चालवताना आंब्याच्या कलमांवर गप्पा मारायचा, आता समोर आणि आरशात सारखा बघत बसायचा. मला वाटलं, संस्थानिकाची पाटी लागली म्हणून शिष्ट झाला. दोन आठवडे मी त्याच्याशी अबोला धरला होता. त्याला पत्ताच नव्हता, हे मला पुढे त्याचं बहिरेपण ध्यानात आलं तेव्हा कळलं.

घोटाळा केला तो मधल्या घड्याळाने. बाकीचे काटे डावीकडून निघून उजवीकडे जातात. विजेच्या घड्याळाचा काटा मात्र मधोमध उभा असतो. इंजिन जोरात फिरलं, वीज भरायला लागली, की तो उजवीकडे झुकतो. दिवे लावले, वीज खर्च व्हायला लागली, की डावीकडे. एवढंच त्याचं शास्त्र. पण आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर खणण्यापासून सोयरिकीपर्यंत कौलाशिवाय पान हलत नाही. अशा मुलखात एक काटा लोकांच्या डोळ्यांदेखत उजवी-डावी देत होता. लोकांनी दुसरं काय समजावं?

सुरुवात आमच्या खेडशीच्या येसूबाईने केली. ती शहरात भाजी विकायला जायची. एके दिवशी माझ्या खांद्यावरून वाकून तिने त्या काट्याला हात जोडले आणि विचारलं, "माजो बाळा शिमग्याक येतलो काय रे बाबा?" तेवढ्यात चढ लागला, भिकाजीने पाय दाबला आणि काटा उजवीकडे गेला. आणि तिचा मुलगा, जो मुंबईला गेल्यापासून तीन वर्षं फिरकला नव्हता, तो शिमग्याला आला! येताना तिला पातळही घेऊन आला. झालं. दुसऱ्या दिवशी मोटारीत पाय ठेवायला जागा नव्हती.

गाय गाभण आहे का, दावा जिंकू का, मेव्हणा आंब्यांचा वाटा देईल का. लोक मोटर थांबवायचे, प्रश्न विचारायचे आणि न बसताच घरी जायचे. पाटीवर हळदकुंकू लागलं. वेगाच्या घड्याळावर कोणी झेंडूची माळ घातली, तेव्हा वेग दिसेना म्हणून भिकाजीने ती काढून माझ्या गळ्यात घातली. आमचा सखाराम गुरव तावातावाने भांडायला आला, "पाकळी नाय, गाऱ्हाणां नाय, ह्यो कसला कौल?" पण त्याने स्वतः एक प्रश्न टाकून बघितला, उजवी मिळाली, आणि त्याने जाहीर केलं की देव जागृत आहे, मात्र गाऱ्हाणं घालायला गुरवच पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून तो फुकट प्रवास करायला लागला.

हे सगळं भिकाजीच्या पथ्यावर पडलं. प्रश्न काय आहे ते त्याला ऐकू येत नव्हतं. पण आरशात माणसाचा चेहरा दिसायचा. आशेने बघणाऱ्याला उजवी द्यायची, म्हणजे पायाने जरा जोर. हट्टाने, रागाने पेटलेल्याला डावी, म्हणजे हळूच दिव्यांचं बटण. उत्तर मिळालं की लोक खाली बसायचे आणि मोटर वेळेवर हातखंब्याला पोहोचायची. शिवाय कौलाच्या वेळी गुरवाने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं, ही रीत असल्यामुळे भिकाजी बोलत का नाही असं कोणी विचारेना. मी शेजारी बसून त्याचा पाय आणि बोट बघत होतो. सगळी लबाडी मला दिसत होती. तरीसुद्धा एकदा मी माझी बदली होणार का, असं विचारलंच. डावी आली आणि मला दिवसभर फार बरं वाटलं. माणूस शिकलेला असला म्हणून काही शहाणा असतोच असं नाही.

पण आत्मारामशेटच्या कानावर कुजबूज गेली. बंदरावर शेटने स्वतः मागून तीन हाका मारल्या होत्या आणि भिकाजीने वळूनही बघितलं नव्हतं. एका गाडीवानाने, आपण ओरडून ओरडून घसा फोडला तरी हा बाजूला झाला नाही, अशी तक्रार केली. दुसरा कोणी मालक असता तर त्याने भिकाजीच्या मागे टाळी वाजवून बघितली असती. पण आमच्या शेटने सरळ कौल घ्यायचं ठरवलं.

सोमवारी सकाळी मोटर खेडशीच्या वडाखाली थांबली तेव्हा शेट आतच होता, हातखंब्याहून आला होता. मागच्या बाकावर बसून त्याने हात जोडले. सखारामने गाऱ्हाणं घातलं आणि शेटने विचारलं, "ह्यो भिकाजी बहिरो झालो हा काय? खरां असात तर उजवी दे."

भिकाजीने आरशात पाहिलं. शेटचा चेहरा पडलेला, डोळ्यांत पाणी. शेटच्या मुलीची गुहागरला सोयरीक चालली होती हे सगळ्यांना माहीत होतं. भिकाजीला वाटलं, बिचारा बाप पोरीचं विचारतोय. मी त्याच्या गुडघ्याला गुडघा मारला. त्याला वाटलं, जागा कमी पडते म्हणून मी सरकतोय, आणि तो बाजूला सरकला. मग त्याने मनापासून, सढळ पायाने जोर दिला. काटा उजवीकडे गेला आणि तिथेच थांबला. एवढी स्वच्छ उजवी त्याने कोणालाच दिली नव्हती.

मग तो हसत मागे वळला आणि म्हणाला, "जमलां ना, शेट? आता पेढे काढा!"

कोणी हसलं नाही. येसूबाईने तोंडाला पदर लावला. भिकाजी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत गेला. चेहरे वाचायला तो एव्हाना चांगला शिकला होता. त्याचं हसू हळूहळू गेलं. शेवटी येसूबाईने स्वतःच्या कानाला हात लावला, त्याच्याकडे बोट केलं आणि मग त्या काट्याकडे. त्याला कळलं. मला त्या वेळी त्याच्याकडे बघवेना, मी बाहेर वडाकडे बघत बसलो.

शेटला काय करावं सुचेना. काढायचा तर वर्षभरात एक कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नव्हती. ठेवायचा तर लोक काय म्हणतील? "ह्यां पण देवाकच विचारा," येसूबाई म्हणाली. शेट खाली उतरला, पुढे भिकाजीच्या समोर येऊन उभा राहिला, आणि त्याला ओठ दिसावेत अशा बेताने सावकाश म्हणाला, "ठेवू तुका? ठेवायचो तर उजवी."

नुसता पाय दाबायचा होता. मी मनातल्या मनात ओरडत होतो, दाब मेल्या, दाब! भिकाजीने पाय उचलला आणि बाजूला ठेवला. बटण फिरवून इंजिन बंद केलं. काटा मधोमध येऊन उभा राहिला.

सगळ्यांनी सखाराम गुरवाकडे पाहिलं. त्याने वाकून काट्याकडे बघितलं. "देव बोललो नाय," तो म्हणाला. "देव बोलत नाय तवर हाय ता हलवायचां नाय. फुडच्या सोमवारी परत इचारा."

तेव्हा तो आठवडा भिकाजीनेच मोटर चालवली. पुढच्या सोमवारी शेट आला, प्रश्न विचारला, भिकाजीने इंजिन बंद केलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. असे दहा सोमवार गेले. कचेरीला मी दहा वेळा उशिरा पोहोचलो, आणि साहेबाला कारण सांगता येत नव्हतं ते वेगळंच. न राहवून मी भिकाजीला कागदावर लिहून विचारलं, "सगळ्या गावाला उजव्या वाटत सुटलास, स्वतःला एक देववत नाही?"

त्याने ते वाचलं आणि माझा कागद घडी घालून मला परत दिला. "लोकांक काय व्हयां ता मी देत होतो," तो म्हणाला. बहिरेपणामुळे त्याचा आवाज फार मोठा झाला होता, सगळ्या मोटारीला ऐकू गेलं. "माका काय व्हयां ता शेटनं द्यायचां. माज्या पायानं नाय."

अकराव्या सोमवारी शेट वडाखाली आला. सखाराम गाऱ्हाणं घालायला सरसावला, त्याला शेटने हातानेच थांबवलं. तो काट्याकडे गेला नाही. पुढे जाऊन, भिकाजीला नीट दिसेल असा रस्त्यात उभा राहिला, हात वर केला आणि शहराच्या दिशेने हलवला. चल.

भिकाजीने सवयीने इंजिन आधीच बंद करून ठेवलं होतं. त्याने ते सुरू केलं आणि मोटर निघाली. काटा उजवीकडे गेला, पण त्या दिवशी मोटारीत कोणीही त्याच्याकडे बघत नव्हतं.